गाताना धरायचा हात

शाळेच्या किचनमधून घरी आले की माझ्यात काही म्हणजे काही उरत नाही. पोरांना जेवण वाढून आणि ट्रे धुऊन पाठीचा पार भुगा होतो. त्यात लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डची बस कधी वेळेवर येईल तर शपथ! दार उघडलं की वरच्या खोलीतून गाणं, तेच पहिलं कडवं पुन्हा पुन्हा, आणि मी जिन्याखालून ओरडायचे, "अगं बाई, जरा दम खा!"

वर माझी भाडेकरू राहायची, एक आयरिश पोरगी. हे गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून ठेवली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तिचं खेडं. गाणं आजोबांनी शिकवलं, म्हणजे स्वयंपाकघरात बसवून म्हणून घेतलं. तिकडे या गाण्यांना साथीला वाद्य नसतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी गाणाऱ्याचा हात धरतं आणि लयीत हळूहळू गोल फिरवतं, जात्याचा खुंटा फिरवावा तसं. तिचा हात आजोबा धरायचे.

पुढे ती चर्चमध्ये गायली, शाळेतल्या स्पर्धा जिंकली. मग कुणीतरी टाकलेला व्हिडिओ गाजला आणि लंडनच्या एका कंपनीने तिला उचलून आणलं. अल्बम चालला नाही, कंपनीने सोडून दिलं. त्यातच आजोबा वारले. आता पोरगी स्टेशनवर कॉफी विकायची आणि शनिवारी पबमध्ये गायची. तिथे सगळ्यांचे डोळे फुटबॉलवर, गाणं अर्ध्यावर थांबलं तरी कुणाला कळायचं नाही.

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तिने माझा पिठाचा हात धरला. "काकू, आजोबा गेल्यापासून कुणी हात धरल्याशिवाय दुसऱ्या कडव्याला घसा बंद होतो."

"हे काय नवीन थेर!" मी म्हटलं, पण हात दिला. मग रोजच द्यायला लागले. खोटं कशाला बोलू, दिवसभरात तेवढंच काय ते बरं वाटायचं.

मग मिल्टन कीन्सला ऑडिशन आली, देशभर दौरा करणाऱ्या कार्यक्रमासाठी. "नाही जमलं तर गावी जाते. गाणं बंद," ती म्हणाली. म्हणजे काहीही झालं तरी माझी खोली रिकामी होणारच होती. तरी कामावरून तशीच, कांद्याचा वास अंगावर घेऊन, तिच्यासोबत गेले.

पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला आवाज गेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. तिने माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यांना शिव्या घालत मी स्टेजवर चढले आणि हात धरला. मग पोरगी अशी गायली की निवड करणाऱ्या बाई लिहायचं विसरल्या.

"फार सुंदर," त्या म्हणाल्या. "पण दौऱ्यावर या येणार नाहीत ना?"

पोरीने माझा हात आवळला. "मग मला नाही जमणार."

मला असा राग आला! "गप! पुन्हा गा," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. दुसरं कडवं आलं तसा मी माझा हात हळूच सोडवून घेतला. तिचा हात हवेतच गोल फिरत राहिला आणि आवाज पुढे गेला.

मी खाली येऊन खुर्चीत बसले. फार म्हणजे फार दमले होते. गाणं संपल्यावर बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत. माझा हात मांडीवर अजून फिरतच होता.