हॅलोबाई आणि जाणारे साहेब

साहेब राजीनामा देणार, हे हॅलोबाईंना पहिल्यांदा सांगितलं ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने. सांगितलं म्हणजे खरं तर विचारलं. कपड्यांचा गठ्ठा हातात देताना त्याने आवाज खाली आणला. शुक्रवारपर्यंत साहेब जाणार असं सगळे म्हणतायत, तुम्हाला तर आतलं ठाऊकच असणार, असं तो म्हणाला. बाईंना आतलं काहीही ठाऊक नव्हतं. त्या नुसतं ‘हं’ म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या. त्या ‘हं’मधून इस्त्रीवाल्याने काय घ्यायचं ते घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की हॅलोबाईंनी दुजोरा दिला.

हॅलोबाई हे काही त्यांचं नाव नव्हतं. सहा वर्षांपूर्वी साहेब राज्यात सत्तेवर आले तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने आपल्या कार्यालयात लोकांसाठी एक फोन सुरू केला. कोणीही उचलावा, लावावा आणि थेट साहेबांच्या कचेरीत बोलावं. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत दोन टेबलं मांडली. एकावर बाई, दुसऱ्यावर एक तरुण मुलगी. मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आलीच नाही, आणि तिच्या जागी दुसरं कोणी आलं नाही. गेली दोन वर्षं दोन्ही फोन बाईच घेत होत्या, एक डाव्या कानाला आणि एक उजव्या. घरी कोणी हाक मारली तरी त्यांच्या तोंडून आधी ‘हॅलो’ निघायचं. त्यावरून धाकट्या दिराने हे नाव ठेवलं, ते गल्लीने उचललं, आणि फिरत फिरत कचेरीतही पोचलं.

काम सांगायला सोपं होतं. ऐकायचं आणि संगणकावर पाचांपैकी एका रकान्यात टाकायचं: तक्रार, सूचना, विनंती, अभिनंदन, इतर. पहिल्या वर्षी अभिनंदनाचा रकाना भरून वाहायचा. आता तो इतका ओस पडला होता, की मध्ये एका माणसाने साहेबांचं तोंडभरून कौतुक केलं तेव्हा बाईंनी त्याला दोनदा विचारलं, नंबर बरोबर लागलाय ना. शिव्या ‘इतर’मध्ये जायच्या.

लोक शिव्या देत होते त्याला कारण होतं. वर्षभर नळाला दिवसातून जेमतेम तासभर पाणी येत होतं. लहान दवाखाने एकेक करून बंद झाले होते. त्यात साहेबांनी टीव्हीवर सांगितलं, की लोकांनी थोडं सहन करायला शिकलं पाहिजे. त्या एका वाक्याने घात केला. तेव्हापासून येणारा प्रत्येक दुसरा फोन त्याच वाक्याने सुरू व्हायचा. बाई निमूटपणे ऐकायच्या. त्यांच्याही घरी पहाटे पाचलाच पाणी यायचं, आणि साहेबांना त्यांनी दोन्ही वेळा मत दिलेलं नव्हतं. सहा वर्षांत साहेब त्यांनी दोनदा पाहिले होते. एकदा लिफ्टचं दार मिटताना, आणि एकदा पाठमोरे.

पण एक गाठ होती. हा फोन साहेबांच्या डोक्यातून निघालेला, आणि बाईंची नेमणूक कंत्राटी. दरवर्षी साहेबांच्या सहीने ती पुढे सरकायची. विरोधकांनी जाहीरच केलं होतं, की आम्ही आलो तर पहिल्यांदा ही फोनची नाटकं बंद. बाईंच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. नवरा पूर्वी बस चालवायचा. कंबर गेल्यापासून घरीच होता. त्यामुळे पहाटे पाचला बादल्या भरताना बाईंना वाटायचं, जावा एकदाचा हा माणूस. आणि नऊ वाजता टेबलाशी बसलं, की वाटायचं, निदान वर्षभर तरी राहावा. दोन्ही वाटण्यांची त्यांना सारखीच लाज वाटे.

शुक्रवार आला आणि गेला. साहेब कुठे गेले नाहीत, पण चर्चा मात्र चौपट झाली. कोणी म्हणे, राजीनामा लिहून तयार आहे, नुसती तारीख घालायची बाकी. कोणी म्हणे, पक्षातल्यांनीच पाय ओढलेत. फाटकाबाहेर कॅमेरे घेऊन माणसं बसली. आत कोणती गाडी गेली, बाहेर कोणती आली, यावर दिवसभर तर्क चालायचे. एकदा मागच्या दाराने तीन गाद्या बाहेर गेल्या आणि अर्धा दिवस त्यांचीच बातमी झाली. त्या चौकीदारांच्या होत्या, आणि ढेकूण झाले म्हणून उन्हात टाकायला नेल्या होत्या.

माहिती अधिकारी खाली आले आणि बाईंच्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवून गेले. कोणीही राजीनाम्याचं विचारलं, की एवढंच वाचायचं: ‘याबाबत सध्या कोणतीही माहिती उपलब्ध नाही.’ एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. बाईंनी पहिल्या दिवशी ते दीडशे वेळा म्हटलं. चौथ्या दिवशी त्यांचा घसा बसला. आठव्या दिवशी मुलीने सांगितलं, की आई, तू झोपेतही तेच बडबडत होतीस.

घरी तरी सुटका असावी, तर नवरा टीव्हीसमोर ठाण मांडून. दिवसभर ऐकलेलं तो संध्याकाळी बाईंना तपासायला द्यायचा. अमुक चॅनेल म्हणतं सोमवारी, तमुक म्हणतं अधिवेशन संपल्यावर. तुला काय वाटतं? बाई चप्पल काढत म्हणायच्या, मला पाय दुखतायत असं वाटतं. नणंदेचा फोन यायचा. नणंद एरवी तीन महिन्यांत एकदा करायची, आता रोज करू लागली. बाईंना काही माहीत नाही यावर कोणाचाच विश्वास नव्हता. उलट त्या जितकं नाही म्हणत, तितक्या त्या पक्क्या मुरलेल्या ठरत.

या सगळ्यात एक फोन मात्र वेगळा होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी येणारा. तो मास्तरांचा. मास्तर निवृत्त, पूर्वी भूमिती शिकवायचे, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्या गल्लीतून दवाखान्याकडे जायला मोठ्या नाल्यावर पायपूल होता. त्याच्या फळ्या कुजल्या म्हणून पालिकेने दोन्ही टोकांना दोर बांधून तो बंद केला, त्याला वर्ष झालं. मास्तरांच्या पत्नीच्या पायाची जखम भरत नव्हती. आठवड्यातून तीनदा पट्टी बदलायला न्यावं लागे. पुलावरून पाच मिनिटं, रस्त्याने वळसा घालून पाऊण तास. चाकांच्या खुर्चीवर बसवून मास्तर तिला ढकलत न्यायचे, घरी परत आणायचे, पाणी प्यायचे आणि मग फोन लावायचे. गेले आठ महिने. न्यायचं नसे त्या दिवशीही लावायचे, कारण सवय.

ते शिव्या देत नसत. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला झापावं तसं झापत. बाईंनी त्यांची तक्रार इतक्या वेळा टिपली होती, की पुलाची लांबी त्यांना पाठ झाली होती. पण सगळा पालथ्या घड्यावर पाणी असा प्रकार. तक्रार वर जायची, वरून पालिकेकडे, तिथून ‘निधी व मंजुरी’ असा शेरा घेऊन परत.

चौदाव्या दिवशी अकरा दहाला फोन वाजला. पण मास्तर झापेनात.

“बाई,” ते म्हणाले, “एक खरं सांगा. हे गेले, तर माझा अर्ज काय होणार?”

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, “नवीन माणूस आला, की नवीन वही, मास्तर.”

“म्हणजे मी पुन्हा पहिल्यापासून.”

“हो.”

“बरं,” मास्तर म्हणाले. “एवढं खरं सांगितलंत, ते बरं केलंत. आठ महिने फुकट गेले म्हणायचे. हिला सांगत नाही आत्ता.” आणि त्यांनी फोन ठेवला. एरवी पंधरा मिनिटं चालणारं संभाषण दीड मिनिटात संपलं.

बाईंना पुढचे दोन फोन नीट ऐकूच आले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, झाकण परत लावलं, मास्तरांच्या तक्रारीचा कागद छापून घेतला आणि जिना चढल्या. सहा वर्षांत त्या वरच्या मजल्यावर कधी गेल्या नव्हत्या. मधल्या मजल्यावर त्यांना धाप लागली.

वर लग्नघरासारखी धांदल होती. शिपायाने दबक्या आवाजात सांगितलं, की सगळ्या खात्यांनी अडकलेल्या फायली आणून ओतल्यात. साहेब गेले तर सही कोणाची घ्यायची म्हणून. साहेब सकाळपासून सह्या करत सुटलेत, बघतही नाहीत कशावर. बाई आत गेल्या. साहेबांच्या खोलीबाहेर त्यांचे स्वीय सहायक बसले होते. साहेबांची भेट, फोन, औषधं, सगळं या गृहस्थांच्या हातातून जायचं. डोळे तांबारले होते, दाढी वाढली होती, आणि समोर फायलींचा ढीग कोसळायच्या बेतात होता.

बाईंनी कागद पुढे केला. एका पुलाचं आहे, मंजुरीची सही हवी, एवढंच म्हणाल्या. सहायकांनी कागद घेतला, न वाचता ढिगात वरून तिसरा खुपसला, आणि मग विचारलं, “तुम्ही खालच्या फोनवरच्या ना? लोक काय म्हणतायत?”

“दहातले आठ जण म्हणतात, जा.”

“आणि दोघं?”

“ते पाणी कधी येणार विचारतात.”

सहायक हसले, पण त्यात हसणं काही नव्हतं. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, पुढे वाकले आणि अगदी इस्त्रीवाल्याच्या आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही एवढे फोन ऐकता. तुम्हाला काय वाटतं, जातील का?”

या माणसालाही माहीत नव्हतं. दाराच्या या बाजूला कोणालाच नव्हतं, आणि कोण जाणे, पलीकडच्यालाही नसेल. बाईंना त्या क्षणी कोणाचाच राग येईना. फक्त कुठेतरी बसावंसं वाटलं.

“मला नाही माहीत, साहेब,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जरा जेवून घ्या.” आणि जिना उतरून खाली आल्या. तोवर दोन्ही फोन वाजत होते.

सतराव्या दिवशी दुपारी साहेब टीव्हीवर आले. चाळीस मिनिटं धरणं, रस्ते, आकडे. शेवटी म्हणाले, लोकांनी मला निवडून दिलंय, मी कुठेही जात नाही. जिन्याखालच्या खोलीत दहा मिनिटं शांतता पसरली. मग दोन्ही फोन एकदम वाजले, ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. त्या दिवशीच्या ‘इतर’च्या नोंदी आजवर कधी झाल्या नव्हत्या इतक्या झाल्या. बाईंचं आणखी एक वर्ष पक्कं झालं होतं, मुलीचं शिक्षण पुरं होणार होतं. बसमध्ये त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं, आनंद झालाय का. पण डोळा लागला आणि स्टॉप पुढे निघून गेला. दोन स्टॉप मागे चालत आल्या.

नवरा गप्प बसला होता. टीव्ही बंद. सतरा दिवस त्याने ज्याच्यावर घालवले ते असं हवेत विरलं म्हणून तो रुसलाच होता म्हणा ना. रात्रीची भांडी मात्र त्याने कंबर धरत धरत घासली.

मास्तरांचा कागद त्या ढिगाबरोबर सही होऊन गेला होता. महिन्याभराने पालिकेची दोन माणसं टेप घेऊन आली. मास्तरांनी फोन करून कळवलं, की त्यांना मोजता येत नाही, एका बाजूने चार इंच चुकलेत. आणखी दोन महिन्यांनी फळ्या बसल्या आणि दोर सुटले. मास्तरांनी पत्नीला पाच मिनिटांत पलीकडे नेलं, घरी आणलं, आणि अकरा दहाला कठडा वाकडा असल्याची तक्रार केली. बाईंनी ती नव्याने नोंदवली. धन्यवाद काही ते म्हणाले नाहीत. बाईंनी जिना चढल्याचं त्यांना सांगितलंही नव्हतं. पण बोलता बोलता ते म्हणाले, की हिची जखम सुकायला लागलीय. बाईंना तेवढं पुरे झालं. ते कोणत्या रकान्यात टाकायचं कळेना, म्हणून त्यांनी कुठेच टाकलं नाही.

साहेब गेले ते त्यानंतर चार महिन्यांनी, एका गुरुवारी, कचेरी सुटल्यावर. प्रकृतीचं कारण दिलं. फाटकाबाहेर एकही कॅमेरा नव्हता, कारण कोणी तसा तर्कच केला नव्हता. पाणी अजून तासभरच येत होतं. साहेब गेल्याचं बाईंना कळलं संध्याकाळी, घरी पोचल्यावर, मुलीकडून. मुलीची शेवटची परीक्षा झाली होती, आणि त्या दोघी खरं तर तिच्या निकालाबद्दल बोलत होत्या.

नव्या लोकांनी फोन बंद केला नाही. कोणीतरी शिव्या ऐकायला लागतंच, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात समजलं असावं. त्यांनी खोलीवरची पाटी बदलली आणि बाईंना सहा महिन्यांची मुदत दिली. बाईंनी सही केली. तो शनिवार होता. रविवारी पहाटेच्या बादल्या मुलीने भरल्या, बाई दहा वाजेपर्यंत झोपल्या, आणि घरात कोणी त्यांना हाक मारली नाही.