कारलं कसं झालंय

पहिला घास घेतला की दादा चमचा खाली ठेवायचे, तोंड पुसायचे, छताकडे बघायचे आणि परीक्षकाने निकाल वाचावा तसं म्हणायचे, "आल्झो, सुधारणेला वाव आहे." आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल, तर तो तुमच्या घरातच असण्याची शक्यता आहे, आणि सवयीने तुम्हाला आता ऐकू येत नसेल. आमच्या वाट्याला तो जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसात आला. तिथे दादा क्वालिटीचं काम बघायचे, म्हणजे इतरांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे. बहुतेकांना आवड एक आणि नोकरी भलतीच मिळते. दादांच्या बाबतीत देवाने तो घोळ घातला नव्हता. वयाने आणि दराऱ्याने मोठे म्हणून आम्ही सगळी मराठी मंडळी त्यांना दादा म्हणायचो. जर्मन सहकारी नुसत्या नावाने हाक मारायचे, पण त्यांच्या उच्चारातही दादांना वाव दिसायचा.

एका गणपतीत एका हौशी बाईंनी सुट्टी काढून सगळ्यांसाठी उकडीचे मोदक केले. दादांनी मोदक फोडला, पारी बोटांत धरून उजेडाकडे नेली आणि ती जाड असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी बाईंनी सरळ फ्रोझन मोदक आणून वाफवले. दादा म्हणाले, "बघा, सांगितल्याचा फायदा होतो."

जर्मनी हा देश या माणसाला फार मानवला होता. शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं, अशा अर्थाची एक म्हण इकडे आहे. ती ऐकल्यावर आपण मागल्या जन्मी इथलेच होतो, अशी दादांची खात्री पटली. तसं पाहिलं तर त्यासाठी मागल्या जन्मापर्यंत जायची गरज नव्हती. आपल्याकडे तरी बायकोच्या स्वयंपाकाला छान म्हणणारे पुरुष किती असतात? निमूटपणे खाल्लं म्हणजे आवडलं, असं बायकांनी समजून घ्यायचं असतं. दादा निमूटपणेही खायचे नाहीत, एवढाच काय तो फरक.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, सुगरण. त्यांच्या हातची आमटी खाल्ली की मला माझ्या स्वयंपाकघराला कुलूप लावावंसं वाटायचं. वीस-बावीस वर्षं रोज दोन्ही वेळा त्या निकाल ऐकत होत्या. कधी उलट बोलल्या नाहीत. एकदाच ओट्याशी भांडी विसळताना मला म्हणाल्या होत्या, "बरं झालं की गप्प, बिघडलं की भाषण. आता मला गप्प बसलेलेच जास्त आवडतात."

मग त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि वहिनी नाशिकला गेल्या. महिनाभराने यायच्या होत्या. आई काठी टाकून अंगणात फिरायला लागली तरी त्या आल्या नाहीत. दादांनी फोन केला, की आता तिकिटाचं बघू या. वहिनी म्हणाल्या, "अहो, इथे आई प्रत्येक जेवणाला छान झालंय म्हणते. मला अजून थोडे दिवस ऐकू द्या."

दादांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी मला ऑफिसच्या कॉफीमशीनपाशी गाठलं आणि विचारलं, की याचा अर्थ काय घ्यायचा. मला अर्थ पुरेपूर कळला होता आणि मनातून आनंदही झाला होता, पण समोरचा माणूस महिना-दीड महिना ब्रेड आणि चीज खाऊन सुकला होता. म्हणून त्या गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना माझ्या आवडत्या तैवानी बाईंकडे जेवायला नेलं.

ती जागा एस-बानच्या, म्हणजे इकडच्या लोकलच्या, स्टेशनामागच्या गल्लीत होती. पाच-सहा टेबलं, खिडकीत तुळशीसारख्या दिसणाऱ्या रोपाची कुंडी, आणि मेनूकार्ड नाही. बाई साठीच्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. घरी जे करतात तेच त्या करायच्या: भात, आल्याचं सूप, टोमॅटोत शिजवलेलं अंडं, वाळवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट आणि खारवलेल्या अंड्यात परतलेलं कारलं. मांस खात नाही एवढं सांगितलं की पुढचं त्या ठरवायच्या. त्यांच्याकडे वाफवलेला एक पाव मिळायचा, त्यावर चक्क दाण्याचं कूट आणि साखर. पहिल्यांदा तो खाल्ला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. परदेशात दाण्याचं कूट अचानक भेटलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

बाईंनी कारलं आणून ठेवलं. दादांनी घास घेतला, चमचा खाली ठेवला, छताकडे बघितलं आणि आपलं नेहमीचं वाक्य जर्मनमध्ये बोलले. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं. मग आवडलं नसेल तर खाऊ नका, असं सांगून त्यांनी ताटली उचलली आणि आत नेली. परत आल्या त्या दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. दादा बराच वेळ त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. दुसरं काही येईल असं त्यांना वाटत होतं. आलं नाही. मी माझं कारलं चवीने संपवलं.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "खरं म्हणजे ते बरं होतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या गुरुवारी ते आपण होऊन चला म्हणाले. या वेळी त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. बाईंनी वाढलं, दादांनी ताटली चाटूनपुसून लख्ख केली. लहानपणी पानात टाकलं की पाठीत धपाटा मिळालेली आपली पिढी, शीत ठेवायची नाही. पण बाईंच्या मुलखात पाहुण्याचं पान रिकामं दिसलं म्हणजे त्याचं पोट भरलेलं नाही. त्यांनी पुन्हा वाढलं. दादांनी पुन्हा संपवलं. बाईंनी तिसऱ्यांदा वाढलं. दादांच्या कपाळावर घाम आला, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्यालाही दया आली. मला आली नाही. मला वहिनी आठवत होत्या.

बाई चौथ्यांदा डाव घेऊन आल्या तेव्हा दादांनी दोन्ही हात ताटलीवर आडवे धरले आणि कसेबसे म्हणाले, "गूट. चांगलं होतं."

बाईंनी विचारलं, "काय चांगलं होतं?"

हा प्रश्न दादांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. काय वाईट, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. ते चाचपडत म्हणाले, की कारलं कडू आहे, पण अंड्याच्या खारटपणामुळे तो कडूपणा जिभेवर थांबत नाही, आणि फोडी मऊ होऊनही मोडलेल्या नाहीत. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी डाव खाली ठेवला आणि मुळ्याच्या ऑम्लेटबद्दल विचारलं. दादा पेपराला बसल्यासारखे एकेका पदार्थावर बोलत गेले. बाईंना कोणाला काही शिकवायचं होतं, असं कृपा करून समजू नका. त्यांना स्तुती आवडायची, आणि ती तपशीलवार लागायची.

त्यानंतर दादा दर गुरुवारी जायला लागले. क्वालिटीचा माणूस, त्याने स्तुतीचीही तालीम सुरू केली. गाडीतच मला म्हणायचे, आज सुपाबद्दल बोलायचा विचार आहे. मला ते सगळं गंमतीचं वाटत होतं. हे महाशय त्याचा प्रयोग घरी करतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

एका गुरुवारी घरी पोचल्यावर त्यांनी नाशिकला फोन लावला आणि वहिनींना सांगितलं, की आज तैवानच्या बाईंचं कारलं अप्रतिम झालं होतं, इतकं अप्रतिम की शब्द अपुरे पडले.

वहिनींनी फोन ठेवला. लगेच मला केला. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या तर मी समजू शकले असते, पण आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला भीती वाटली. "अगं, कारलं गं," त्या म्हणाल्या. "माझं कारलं इतकी वर्षं कडूच आहे की म्हणून बाजूला सारलं. गूळ घालून केलं, चिंच घालून केलं, भरून केलं, तळून केलं. आणि अप्रतिम हा शब्द यांच्याकडे होता तर. त्या बाईला दिला." मग म्हणाल्या, की परतीचं तिकीट काढायचं होतं ते आता काढत नाही. कधी काढीन तेही माहीत नाही.

दादांना वाटत होतं, आपण सुधारलो हे ऐकून बायको खूश होईल. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवसापासून वहिनी त्यांचे फोन उचलेनात. आई उचलायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची.

पुढच्या गुरुवारी दादा बाईंकडे आले ते उतरलेल्या तोंडाने. कारलं समोर आलं, त्याला हात लावला नाही. मला म्हणाले, "मी खोटं बोलायला हवं होतं का?" तेव्हा माझा ताबा सुटला. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. वर विचारलं, की परक्या बाईच्या मुळ्यावर तुम्ही अर्धा तास बोलता, वहिनींच्या हातचं एक तरी काही आठवतं का.

आणि दादा बोलायला लागले. पहिल्या घरात टेबल नव्हतं, तेव्हा बॅगेवर वर्तमानपत्र अंथरून खाल्लेलं पिठलं. गोडा मसाला संपला म्हणून वहिनींनी इथेच भाजायला घेतला, धुराचा अलार्म कोकलला आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी जिना चढून आली, ती जाताना वाटीभर आमटी घेऊन गेली. मुलगी झाली तेव्हाचे डिंकाचे लाडू, जे त्यांनी स्वतःच चोरून संपवले होते. कोणत्या वर्षी पुरणात जायफळ होतं, कोणत्या वर्षी वेलची, सगळं त्यांना पाठ होतं. या माणसाइतकं लक्ष देऊन वहिनींच्या हातचं कोणीच खाल्लं नव्हतं, त्यांच्या आईनेसुद्धा नाही. त्या लक्षातून वहिनींपर्यंत फक्त कापलेले मार्क पोचले. मला त्यांचा राग आला होता, तो गेला नाही, पण त्याच्यात दुसरं काहीतरी मिसळलं. बोलता बोलता ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले.

"हे फोनवर सांगू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "फोनवर नको, दादा. तुम्ही जा."

ते खरंच गेले. साठवलेली सगळी रजा काढली. जर्मन साहेबाने कारण विचारलं तेव्हा कौटुंबिक म्हणाले. अनेक वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अहवाल तपासायचा ठेवून ऑफिस सोडलं. ते अजून परतलेले नाहीत. रजा वाढवली आहे एवढंच कळलं. त्यांच्या खुर्चीवर सध्या एक तरुण मुलगी बसते आणि आमच्या चुका गोड शब्दांत सांगते. कोणाचंच समाधान होत नाही. मी गुरुवारी एकटी जेवायला जाते.

नाशिकला काय झालं ते वहिनींनी मला फोनवर सांगितलं. दादा पोचले त्या दुपारी वहिनींनी मुद्दाम कारलं केलं. दादा जेवायला बसले आणि अक्षर बोलले नाहीत. वहिनींना वाटलं, पहिले पाढे पंचावन्न. जेवून उठले, हात धुतले आणि सासूबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. बायकोला तोंडावर सांगणं या जन्मी त्यांना जमणार नव्हतं. सासूबाईंना म्हणाले, "तुमची मुलगी फार चांगला स्वयंपाक करते. मी इतकी वर्षं जेवतोय."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे होती तेव्हा हिला साधा भात लावता येत नव्हता. लग्नात मला त्याचीच काळजी होती. हे सगळं ती तुमच्याकडे शिकली, जावईबापू. तुम्हाला आवडावं म्हणून."

यावर दादा काय म्हणाले, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, की हात धुऊन झालेला माणूस, पण परत आत आले, आपल्या खरकट्या ताटावर बसले आणि आणखी कारल्यासाठी ताट माझ्यापुढे सरकवलं.