रताळ्याच्या वेलावरची अळी आणि आमचा बैल

आमचा बैल मी मारला, गड्याने नाही. हे वाक्य लिहायला मला सारे आयुष्य लागले.

विलायतेला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला होता, तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या बाजाराकडे गाड्यांची रीघ लागलेली, आणि बैलाला माणसापेक्षा मोल आलेले. आम्हीही सगळे वावर कापसाखाली घातले. ज्वारीचा एक तुकडा आणि विहिरीजवळचे रताळ्याचे वेल, एवढेच खायचे राहिले.

मी विशीत होतो. त्या वेलांवरच्या अळ्यांचे मला वेड होते. या अळीचा पुढे ढालीसारख्या पाठीचा भुंगेरा होतो. पण अळी असताना ती आपलीच विष्ठा आणि टाकलेल्या काती शेपटीच्या काट्यांवर साठवते आणि छत्रीसारखी पाठीवर धरते. मुंगळा आला की ते ओझे त्याच्या तोंडावर आपटते. मुंगळा मिशा पुसत मागे फिरतो. मी बाभळीच्या काट्याने ते ओझे खरवडून काढी. मग मुंगळे तिला जिवंत फाडत. ती वळवळे, हिरवे पाणी गळे, आणि मला मजा वाटे.

त्या दुपारी बैल राखायचे काम माझे होते. मी मुंगळ्यांत रमलो आणि बैल कापलेल्या ज्वारीत शिरला. खुंटांना फुटवे आले होते. ते जनावराचा जीव घेतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी त्याला ओढत आणून बांधला आणि गप्प बसलो. थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला फेस आला. तो पडला आणि पाय झाडत मेला.

थोरले बंधू धावत आले. "काय खाल्लं यानं?"

गव्हाणीत गड्याने सकाळी टाकलेला वेल होता. मी तो उचलला. "दादा, हे पाहा. किडे असलेला वेल टाकला यानं."

"मी तं रोजच टाकतो, मालक," गडी म्हणाला. "कालबी टाकला. काल काऊन नाई मेला?"

"मले शिकवून राहिला काय बे?" दादा ओरडले.

त्यांनी बैल हाकायच्या तुतारीचा दांडा हाणला. गड्याने तोंडापुढे हात धरला. तिसऱ्या फटक्याला मनगट मोडले. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो पडल्यावरही दादा थांबले नाहीत. त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होते आणि तो माझ्याकडे पाहत होता. "धाकले मालक, सांगा ना यायले." वेल माझ्या हातातच होता.

पुढे त्याच्या जातीने गोहत्येचे प्रायश्चित्त दिले. मेलेल्या बैलाचे दावे गळ्यात घालून, एक शब्द न बोलता, बैलासारखे हंबरत दारोदार भीक मागायची. तो आमच्याही दारी आला. मोडका हात पोटाशी धरून हंबरला. आईने पसाभर ज्वारी घातली. मी आत होतो.

नंतर मी अमरावतीला मास्तर झालो आणि जीवांच्या उत्क्रांतीची पुस्तके वाचली. माझा समज असा झाला, की या अळीच्या पूर्वजांपैकी ज्यांनी विष्ठा झटकून टाकली, त्यांना मुंगळ्यांनी खाल्ले. जिला ती चिकटून राहिली, ती वाचली, तिची पिल्ले वाचली. हजारो पिढ्यांत शेपटीला काटे आले आणि पानातला कडू अंश त्या ओझ्यात उतरू लागला. तिच्या भाऊबंदांपैकी काहींच्या पाठीवर ग्रंथी असतात. डिवचले की विषारी थेंब वर येतो. हे सारे मुंगळ्यापुरते. बैलाला त्याने काही होत नाही. ज्वारीच्या फुटव्याचे विष मात्र खरे. आपले कोवळे अंग वाचवायला ज्वारीनेही तसेच कमावलेले. पुस्तकाने मला नवे काहीच सांगितले नाही. त्या दिवशी मला सगळे ठाऊक होते.

गडी मरून बरीच वर्षे झाली. त्याच्या घराला गाव अजून 'बैलमाऱ्याचं घर' म्हणते. त्याच्या नातीला स्थळ आले की हीच गोष्ट निघते आणि पाहुणे उठतात. गेल्या महिन्यात मी त्याच्या मुलाकडे गेलो आणि सगळे सांगितले.

तो तंबाखू मळत राहिला. "आमाले ठावं हाय, मास्तर. बुढ्यानं तुमाले ज्वारीतून बैल ओढतानी पाहलं होतं."

"मग तो बोलला का नाही?"

"बोलला असता तं दुसरा हात राहला असता काय?" त्याने तंबाखू तोंडात टाकली. "मले काऊन सांगता? मी तं बैलमाऱ्या म्हनत नाई त्याले. जे म्हनतात त्यायले सांगा."

मी पारावर जाऊन उभा राहिलो आणि सांगितले. दादांचा नातू तिथेच होता. "आबाले भ्रम झाला," असे म्हणत तो मला हाताला धरून घरी घेऊन आला. म्हणून हे लिहून काढले आहे, शुद्धीवर असताना.