पायांकडचा गरम वारा
कम्प्युटरमधून तापलेल्या धुळीचा वास आला की सापगावची ती थंडी आठवते. मी घरीच लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचो. कम्प्युटर पाण्याने थंड व्हायचा, आणि त्या पाण्यातली उष्णता बाहेर फेकणाऱ्या रेडिएटरसाठी मी नवे पंखे निवडत होतो. आजारी बाबांची खाट शेजारीच होती, पाय कम्प्युटरकडे, म्हणून बिनआवाजाचे बघत होतो. बाबा म्हणाले, “आवाजाचं नको बघू रे, जोराचे घे. त्या गरम वाऱ्यानं पायांना बरं वाटतं. माझे पाय गरमच होत नाय.” मी जोराचे मागवले. नदीवर बाबांचं दहावं करून घरी आलो, तेव्हा पार्सल ओटीवर ठेवलेलं होतं. काही दिवसांनी ते पंखे बसवले. त्या रात्री काम संपवून कम्प्युटर बंद करायला गेलो, तर आई रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाली, “राहू दे रे जरा चालू.”