आर्मांच्या वाटेवरचं पिंप

लोरेट मिशोच्या दुकानात सकाळी डोनट खायला बसलं की गावातली सगळी भांडणं आयती ऐकायला मिळतात. त्या वसंतात भांडण एकच होतं: अस्वलाला भुलवायचं आमिष रस्त्यापासून आणि पायवाटेपासून किती लांब ठेवायचं? सरकारी माणसं लोकांचं मत ऐकायला येणार होती, आणि आमच्या सेंट क्लोटिलमध्ये मत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता.

शिकारी म्हणत, आहे तो नियम ठीक आहे. पायी फिरणारे म्हणत, आमिष बंदच करा. दोन्हीकडचे लोक लोरेटच्या दुकानात उभे राहून एकमेकांना टोमणे मारत आणि मग तिच्याकडे वळत.

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"मी कॉफीच्या बाजूची," असं म्हणून ती कप भरायची.

हसण्यावारी न्यायची, पण बाजू घेणं तिला सोपं नव्हतं. कारण आमिषाच्या पिंपात जाणारे डोनट तिचेच होते. उरलेला शिळा माल ती पोत्यात भरून मर्ल हस्किन्सला द्यायची. मर्ल हा बाहेरगावच्या शिकाऱ्यांना जंगलात नेणारा वाटाड्या. उन्हाळा सरताना, ऑगस्टमध्ये, तो डोनट पिंपात ओतायचा, वासावर अस्वल यायचं आणि मचाणावर शिकारी टपून बसलेला असायचा. बदल्यात हिवाळाभर मर्ल तिच्या दारातला बर्फ उपसायचा. अशी ही जुनी देवाणघेवाण.

त्याआधीच्या ऑगस्टमध्ये मात्र वेगळंच घडलं. लोरेटचा नवरा आर्मां लाकडाच्या गिरणीत आयुष्य घालवून कानाने अधू झालेला. रोज जुन्या रेल्वेच्या उखडलेल्या मार्गावरून फिरायला जायचा. एक दिवस परत आला तो पायरीवरच बसला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

"काय झालं रे? पडलास?"

"अस्वलाची मादी होती," तो म्हणाला. "पिल्लं बरोबर. झाडीत पिंप आहे ना, तिथून वाटेवर आली. मला काही ऐकूच आलं नाही. वर बघतो तर समोर उभी." मग लोरेटकडे न बघता म्हणाला, "तिच्या नाकाला आपल्या डोनटवरचा मेपलचा पाक लागला होता गं."

तो पावलापावलाने मागे सरकत आला होता. काही इजा नव्हती. पण त्यानंतर तो त्या वाटेला गेला नाही. खिडकीशी बसून राहायचा, नीट जेवायचा नाही. लोरेटने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर मर्लचं नाव आलंच, कारण त्या बाजूला पिंप त्याचंच. आणि ते नियमात बसतही होतं.

सभा अग्निशमन दलाच्या शेडमध्ये भरली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. लोक उठत होते, तावातावाने बोलत होते. सरकारी बाई मान डोलवत लिहून घेत होत्या. मीही काहीतरी बोललो, आता आठवत नाही. शेवटी "अजून कुणी?" असं विचारल्यावर लोरेट उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

तिने आर्मांची गोष्ट सांगितली. पाकाचंसुद्धा. मग म्हणाली, "आमिष बंद करा असं मी म्हणत नाही. शिकारीवर इथली कितीतरी घरं चालतात. पण वाटेवर माणसं चालतात, त्यातल्या काहींना नीट ऐकू येत नाही. पिंप लांब न्या. नेईपर्यंत माझे डोनट कुणाला मिळणार नाहीत."

सगळ्या माना मर्लकडे वळल्या. तो सावकाश उठला. माझ्या शेजारचा पुटपुटला, "झालं, आता बघा."

"ते पिंप माझं," मर्ल म्हणाला. "गुडघा गेला तेव्हापासून वाटेजवळ ठेवतोय, आत वाहून नेववत नाही म्हणून. आर्मां तिकडून जातो हे मला ठाऊक होतं. डोक्यातच आलं नाही." मग लोरेटकडे वळून म्हणाला, "अगं बाई, एवढे महिने गप्प बसलीस? माझ्या तोंडावर शिव्या घालायच्या होत्यास की."

"बर्फ कोण काढणार होतं मग?" लोरेट म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं शेडच हसू लागलं. लोरेट मटकन खुर्चीत बसली. मी तिच्याकडे बघत होतो. छातीवरचा दगड उतरल्यावर माणूस कसं दिसतं, ते मी तेव्हा पाहिलं.

नियम पुढे बदलला. शिकाऱ्यांना हवं होतं त्याहून जास्त अंतर, पण फिरणारे मागत होते तशी बंदी नाही. दोन्हीकडचे थोडेफार कुरकुरले. पण मर्ल नियम बदलायची वाट बघत थांबला नाही. सभेच्याच आठवड्यात तो आर्मांला न्यायला घरी आला.

"चल, जागा तू दाखव. तुला चालेल तिथेच पिंप ठेवतो. आणि जरा हात लाव, गुडघा दुखतोय."

आर्मांने लोरेटकडे बघितलं, मग बूट शोधायला लागला. दोघं म्हातारे एकमेकांवर ओरडत गेले, कारण आर्मांशी ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही. दुपार टळली तरी पत्ता नाही. लोरेट दोनदा दारात येऊन गेली.

शेवटी आर्मां आला. मान आणि कान माश्या चावून लालबुंद झालेले. आल्या आल्या त्याने जंगलातल्या यच्चयावत माश्यांचा आईबापांसकट उद्धार केला, मर्लला रस्ता कळत नाही म्हणून त्यालाही चार शिव्या हाणल्या आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

लोरेटने सूप गरम करायला ठेवलं. त्याची बडबड थांबेना, आणि ती थांबवायची तिला मुळीच घाई नव्हती.