लांब बाह्या
थंडीत कोट चढवताना अजून ती आठवते. ऐंशीच्या दशकात आम्ही व्हर्जिनियात राहायचो. भारतातून पाहुणे आले की त्यांना गावातलं छोटं म्युझियम दाखवायचं, हे ठरलेलंच. तिथे एक म्हातारी अमेरिकन बाई माहिती सांगायला बसायची. तिचं नाव कधी विचारलं नाही. अंगात कायम ढगळ हिरवा पुरुषी कोट, आणि बोलता बोलता ती त्याच्या घसरलेल्या बाह्या पुन्हा दुमडायची.

तिचं लाडकं कपाट शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांच्या जॅकेटांचं. पितळी बटणं, छातीवर आडवे गोफ. "सगळं सैनिकांच्या गणवेशावरून उचललेलं," ती हसत सांगायची. "काय ऐट असेल बायकांची."

एका हिवाळ्यात आई आली. मी घेतलेला नवा कोट घरी ठेवून ती नऊवारीवर माझ्या भावाचा लष्करी स्वेटर घालून निघाली.

त्या दिवशी बाई कपाटाकडे वळलीच नाही. स्वेटरच्या खांद्यावरची पट्टी बघत तिने मला विचारलं, "मुलाचा?"

"हो. सीमेवर असतो."

"काचेतली जॅकेटं बायकांच्याच मापाची शिवलेली आहेत," ती म्हणाली. "खऱ्या गणवेशाच्या बाह्या आपल्याला लांबच होतात."

मग तिने आईच्या बाह्या हळूच दुमडून दिल्या. आईने हात पुढे धरून ठेवले होते.

आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. परत येताना गाडीत तिने त्या दुमडलेल्या बाह्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तिचा परत आला नाही गं."