ताग्यातली रेघ

माझी आत्या रफूचं काम करायची. जीभही सुईसारखीच होती तिची. गिऱ्हाईक फाटका कोट घेऊन आलं की आधी त्याला चार शब्द ऐकवायची, मग कोट उलटा करून आतल्या शिवणीतून दोन-चार धागे ओढून घ्यायची. भोक बुजवायला धागा त्याच कपड्याचा हवा, दुसरा तिला चालायचा नाही. पुढे भोक नेमकं कुठे होतं हे मालकालाही सापडत नसे.

मला तिनेच वाढवलं. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पंचविशीत आजारी पडले. भिंतीतून माणसं बोलतात म्हणायचे, ताटातला पहिला घास आत्याला चाखायला लावायचे. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं. आई मला आत्याच्या दुकानात ठेवून गेली ती गेलीच. बाबांच्या गोळ्या, माझी शाळा आणि दुकान आत्याने कुरकुरत सांभाळलं, पण सांभाळलं.

लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "मला कोण पत्करणार?" साफ खोटं. समोरच्या दुकानातला चष्मेवाला एका पायावर तयार होता. त्याचे कोट इतके फाटायचे की तो मुद्दाम खिळ्याला अडकवत असणार. मी सात वर्षांची असताना त्याने एकदाचं विचारलं. ती म्हणाली, "तुमचं काम यापुढे दुसरीकडे द्या." कारण काही सांगितलं नाही. वर्षभरात तो दुकान विकून निघून गेला. पुढे आत्याची नजर अधू झाली तरी तिने चष्मा केला नाही. सुया मी ओवून द्यायचे.

कारण मला कळलं ते वीस वर्षांनी. माझं लग्न ठरत होतं, आणि मी रडत तिला म्हटलं, "बाबांचं दुखणं माझ्यात, माझ्या पोरांत उतरलं तर? नाही सांगून टाकते त्याला."

"तेच बरं," आत्या म्हणाली. "उभा धागा एक जरी खराब निघाला, तरी सगळ्या ताग्यात रेघ जाते. कुठूनही कापा. म्हणून तर मी चष्मेवाल्याला घालवलं."

बाबांच्या गोळ्या लिहून घ्यायला आम्ही दर महिन्याला डॉक्टरीणबाईंकडे जायचो. इतकी वर्षं आत्या त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली, पण हे दुखणं रक्तातून उतरतं का, हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. उत्तर ठाऊक असल्यावर विचारायचं कशाला? या खेपेला मी विचारलं.

"एकच खराब धागा असा नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेकडो बारीक गोष्टी असतात, प्रत्येकीचा वाटा इवलासा. आणि नुसतं रक्तावर सगळं ठरत नाही. वडिलांना आहे म्हणून तुम्हाला धोका शंभरात दहाच्या आसपास. मुलांना त्याहून कमी."

"आणि बहिणीच्या पोरांना?" आत्याने विचारलं.

"कुणाच्या?"

"आजारी माणसाच्या बहिणीच्या. समजा, असती तर."

"शंभरात तीन-चार. एरवी कुणालाही एकाच्या आसपास असतोच."

"म्हणजे शहाण्णव बरी," आत्या हळूच म्हणाली. मग तिने गोळ्यांचा कागद उचलला, घडी घातली, उलगडला, परत घडी घातली. मला तिच्याकडे बघवेना.

घरी येताना ती वाटेत थांबली. "मी त्याला सांगितलंसुद्धा नाही गं. सगळं एकटीनेच ठरवून टाकलं. तू तुझ्या माणसाला सांग. बाबांचं सांग, शंभरातल्या दहाचं सांग. मग तो हो म्हणो, नाही म्हणो."

मी सांगितलं. तो तीन दिवस आलाच नाही. ते तीन दिवस आत्याने कुणाही गिऱ्हाइकाला एक शब्द ऐकवला नाही. चौथ्या दिवशी तो आला आणि हो म्हणाला.

मी धावत दुकानात गेले. आत्या कोटावर वाकून सुईत धागा ओवायला बघत होती, आणि धागा दर वेळी बाजूने जात होता.

"बरं झालं," ती म्हणाली. डोळे पुसले, पुन्हा प्रयत्न केला.

"आत्या, मी आता रोज असणार नाही. चष्मा कर ना."

"कुणाकडे जाऊ गं आता?" ती म्हणाली, आणि सुई माझ्यापुढे धरली.